कॉलिन चॅपमन

शर्यतीची मोटार जितकी हलकी तितकी ती चपळ. परंतु हलकी वस्तु मोडतेहि लवकर. या दोन सत्यांचा मेळ घालण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञाचें चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद वाटेल.

कॉलिन चॅपमन यांचा जन्म इंग्लंडांतील रिचमंड येथें १९ मे १९२८ रोजीं झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यांनीं बांधकामाच्या सांगाड्यांचें शास्त्र अभ्यासिलें. ऐन तारुण्यांत एका जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीवरून त्यांनीं आपली पहिली गाडी तयार केली. पुढें १९५२ सालीं हेझल विल्यम्स यांनीं दिलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर त्यांची लोटस कंपनी उभी राहिली. याच बाई पुढें त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

वेगांत वळण घेतांना गाडीचा सांगाडा पिळला जातो, व मग चाकें जमिनीस नीट धरून राहत नाहींत. चार काठ्या टोकांशीं एकेका खिळ्यानें जोडून चौकट करा. ती सहज तिरकी होईल. तिला कर्णाप्रमाणें एक आडवी काठी ठोका, म्हणजे दोन त्रिकोण होऊन ती ताठ राहील. चॅपमन यांनीं बारीक पोलादी नळ्यांचे असेच त्रिकोण जुळवून आरंभींच्या गाड्या बांधिल्या.

१९६२ सालीं त्यांनीं याहि पुढें पाऊल टाकिलें. आगपेटीचा आंतला खण एकटा असतां बोटांनीं पिळतां येतो. तोच वेष्टनांत सरकविला, कीं पिळत नाहीं. लोटस २५ या गाडींत नळ्यांऐवजीं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या पोकळ पेट्याच सांगाडा झाल्या. आधींच्या लोटस २४ पेक्षां हा सांगाडा वजनानें सुमारें निम्मा, पण पिळास सुमारें तिप्पट कणखर होता. १९६३ सालीं जिम क्लार्क यांनीं हीच गाडी हांकून दहांपैकीं सात शर्यती जिंकिल्या व जगज्जेतेपद मिळविलें. १९६७ च्या लोटस ४९ मध्यें तर इंजिनच मागील सांगाड्याचें काम करूं लागलें. ती गाडी हॉलंडांतील झांडव्होर्ट येथें पहिल्याच शर्यतींत विजयी झाली.

पण या यशास दुसरी बाजूहि आहे. १९६९ सालीं बार्सिलोना येथें लोटसच्या दोन गाड्यांचे हवेच्या दाबासाठीं बसविलेले उंच पंख मोडून अपघात झाले. त्यांतून वांचलेले योखेन रिंट यांनीं चॅपमन यांस पत्र लिहून, थोडें वजन वाढलें तरी चालेल, पण दुबळे भाग मजबूत करावे, अशी विनंति केली. पुढील वर्षीं, ५ सप्टेंबर १९७० रोजीं, मोंझा येथें सरावाच्या वेळीं त्यांच्या गाडीच्या पुढील ब्रेकचा दांडा तुटला. गाडी कडेच्या लोखंडी कठड्यावर आदळली व रिंट मरण पावले. त्या वर्षींचें जगज्जेतेपद त्यांस मरणोत्तर मिळालें.

१९६३ ते १९७८ या काळांत लोटसनें गाड्या बनविणारांचें जगज्जेतेपद सात वेळां जिंकिलें. १६ डिसेंबर १९८२ रोजीं, वयाच्या ५४ व्या वर्षीं, चॅपमन हृदयविकारानें निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, अनावश्यक भार टाकून देणें ही बुद्धिमत्ता होय, व ती चॅपमन यांच्या ठायीं विपुल होती. परंतु कोणता भार अनावश्यक, हें ठरवितांना त्या यंत्रांत एक मनुष्य बसणार आहे, हें गणिताच्या पहिल्या ओळींतच लिहिलें पाहिजे. त्यांच्या यशापासून व त्या यशाच्या किंमतीपासून हा धडा सारखाच घेण्यासारखा आहे.