अक्षरांआधी गाणे : ताराबाई मोडक यांचा अमरावती ते कोसबाड प्रवास

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी भाषेचे एक आद्यपीठ मानले जाते. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंचे वास्तव्य लाभलेल्या या गावात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. येथेच महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो, त्या महदंबेची ही रचना मुळात गाण्यासाठी होती. ती आधी ओठांवर आली आणि पोथीत नंतर उतरली. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली, तेव्हा त्यासाठी रिद्धपूरचीच निवड व्हावी, हे या इतिहासाला धरूनच होते.

विद्यापीठात पोहोचणारी भाषा मुळात रुजते ती मात्र अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या कानात. ती तेथे कशी रुजते, तिला कोणते खतपाणी लागते आणि कशाने ती करपून जाते, याचा ध्यास घेऊन आयुष्याची पन्नास वर्षे वेचणारी एक विदुषी याच जिल्ह्यात संसार मांडण्यासाठी आली होती. अमरावतीतील तो संसार टिकला नाही. तेथून निघालेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे हजारो मुलांसाठी बालशिक्षणाचा मार्ग आखला.

सुधारकाच्या घरातील लेक

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. विधवाविवाहाला समाजाचा कडवा विरोध असण्याच्या काळात त्यांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला होता. अशा घरात मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. मात्र वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि घराला अडचणीचे दिवस आले. तरीही ताराबाईंनी जिद्दीने शिक्षण चालू ठेवले आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळवली. त्या काळी पदवीधर स्त्रिया फारच थोड्या होत्या.

पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. येथे त्यांना एक मुलगी झाली. मात्र काही वर्षांतच पती-पत्नींचे मार्ग वेगळे झाले. पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीला त्या काळी माहेरी परतून आश्रिताचे जिणे जगण्यापलीकडे फारसा पर्याय नसे. ताराबाईंनी तो पत्करला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्यांनी अमरावती सोडली, स्वतःच्या पदवीच्या बळावर उपजीविका शोधली आणि राजकोट येथील अध्यापिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले.

हे पद प्रतिष्ठेचे होते आणि पगारही चांगला होता. एकट्या आईला याहून अधिक स्थैर्य मिळणे कठीण होते. पण आपल्या मुलीला कसे वाढवावे, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता आणि त्याच प्रश्नाने त्यांना भावनगरची वाट दाखवली.

भावनगरचे बालमंदिर

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाईही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मारिया माँटेसरी यांचे लेखन त्यांच्या हाती आले आणि त्यांनी वकिली सोडली. मुलांवरील मायेमुळे गुजरातने त्यांना ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशांची आई, हे नाव दिले. १९२३ मध्ये ताराबाई राजकोटची नोकरी सोडून या बालमंदिरात दाखल झाल्या. पुढील नऊ वर्षे त्या तेथे राहिल्या. गुजराती त्यांनी इतकी आत्मसात केली, की त्या भाषेत त्या लिहू लागल्या आणि ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या संपादनाची जबाबदारी त्यांनी गिजुभाईंच्या बरोबरीने उचलली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तीही या दोघांच्या पुढाकाराने.

माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. भाषाशिक्षणाचा त्यांचा मार्ग रूढ शाळेपेक्षा अगदी वेगळा होता. आधी कान तयार करायचे. शब्दातला पहिला ध्वनी कोणता, शेवटचा कोणता, हे खेळातून ओळखायचे. मग खरकागदाची अक्षरे बोटांनी गिरवायची. डोळ्यांना आकार दिसतो, बोटांना वळण कळते आणि त्याच वेळी कानावर ध्वनी पडतो. शिकवण्याच्या पायऱ्या तीन : प्रथम शिक्षिका वस्तूचे नाव सांगते, मग नाव ऐकून मूल ती वस्तू ओळखते आणि अखेरीस मूल स्वतः नाव सांगते. पुढे सुट्या अक्षरांनी शब्द जुळवायचे. पेन्सिल धरण्याइतका हात वळला नसला, तरी मुलाला मनातला शब्द मांडता येतो.

ही पद्धत भारतीय भाषांत आणताना निव्वळ नक्कल करून भागणारे नव्हते. देवनागरीतील अक्षराचा ध्वनी आणि नाव जवळजवळ एकच, ही मोठी सोय. मात्र काना, मात्रा, वेलांटी, उकार यांची गोष्ट वेगळी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर. जोडाक्षरांचा पेच निराळाच. त्यामुळे येथील साहित्य येथील लिपीच्या स्वभावाप्रमाणे बेतावे लागे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा होता. माँटेसरीबाईंना अगदी लहान वयात परीकथा आणि अद्भुत कल्पना फारशा मानवत नसत. मुलाला आधी खऱ्या जगाची ओळख व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. गिजुभाई आणि ताराबाई यांना हे पुरते पटले नाही. आजीच्या गोष्टी, लोकगीते, बडबडगीते आणि नाट्यप्रवेश यांना भावनगरच्या बालमंदिरात मानाचे पान होते. बडबडगीताला अर्थ असलाच पाहिजे असे नाही. त्यातील यमक, ताल आणि पुनरावृत्ती मुलाच्या जिभेला वळण देते, नवे शब्द नकळत पेरते आणि भाषा ही आनंदाची वस्तू आहे, हे त्याच्या मनावर ठसवते. अभिनयगीतात हात हलतात, पाय नाचतात आणि शब्दाचा अर्थ कोणी न सांगताच कळतो. गाणे आणि गोष्ट यांचा पाया पक्का झाल्यावरच अक्षराकडे वळायचे, हा क्रम ताराबाईंनी पुढे अखेरपर्यंत सांभाळला. पाटी-पेन्सिल हातात देऊन चिमुकल्यांकडून मुळाक्षरे घोटून घेण्याला त्यांचा ठाम विरोध होता. शिक्षा आणि बक्षीस या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच त्याज्य वाटत.

दादरहून बोर्डीकडे

भावनगर सोडून ताराबाई मुंबईला परतल्या. १९३३ मध्ये शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती सुरू झाली आणि मराठी पालकांच्या घरात बालमानसशास्त्राचा विचार सोप्या भाषेत पोहोचू लागला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. त्याला जोडून अध्यापन मंदिर सुरू झाले आणि मराठी माध्यमातून बालशिक्षिका घडू लागल्या. बालवर्ग चालवणे हे शास्त्र आहे आणि त्यासाठी प्रशिक्षण लागते, ही जाणीव मध्यमवर्गीय महाराष्ट्रात रुजवण्यात शिशुविहाराचा वाटा मोठा आहे.

येथवरचे यशही एका आयुष्याला पुरेसे होते. पण ताराबाईंना एक शल्य होते. शिशुविहारात येणारी मुले सुशिक्षितांच्या घरची. माँटेसरी साहित्य महाग. इटलीतील गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत भारतात येता येता सधन शहरी कुटुंबांची मिरास बनू पाहत होती. १९३१ मध्ये लंडनच्या दौऱ्यात गांधीजींनी माँटेसरीबाईंची भेट घेतली, तेव्हा असे शिक्षण भारतातील दरिद्री खेड्यांतील मुलांपर्यंत पोहोचावे, ही अपेक्षा त्यांनीही व्यक्त केली होती. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी कोणीतरी खेड्यात जाऊन बसण्याची गरज होती.

डिसेंबर १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांचे वय तेव्हा ५३ होते. सोबतीला आल्या ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या. ती नोकरी सोडून त्या या कामात आल्या आणि जन्मभर राहिल्या.

बोर्डीने दोघींनाही नवे धडे दिले. सजवलेल्या बालवाडीत वस्तीतील मुले येईनात. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत, आई-वडील मजुरीला जात. वेळेवर अंघोळ घालून मुलाला शाळेत पोहोचवणार कोण? त्यावर ताराबाईंनी काढलेला उपाय साधा आणि दूरगामी होता. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने त्याच्या दारी जावे. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात मुले जमत. आधी हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी.

महागड्या साहित्याचा प्रश्नही येथेच सुटला. शिंपले, गोटे, बिया, शेंगा, पाने, बांबूचे तुकडे हे सारे परिसरात फुकट मिळे. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत या शब्दांची ओळख दगड-पानांतूनही तितकीच पक्की होते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

कोसबाडची टेकडी

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. ताराबाईंनी तेव्हा पासष्टी गाठली होती. परिसर वारली आदिवासींचा. घरातली बोली वारली आणि पुस्तकातली मराठी वेगळी. शाळेच्या पहिल्याच दिवशी परकी भाषा कानावर आदळली, तर मूल गप्प होते आणि गप्प झालेले मूल शाळेतून गळते. त्यामुळे येथे भाषाशिक्षणाची सुरुवात मुलांच्या बोलीतून, त्यांच्या गाण्यांतून आणि त्यांच्या भोवतालच्या झाडा-पाखरांच्या नावांतून करण्यावर भर राहिला. प्रमाण मराठीकडे नेणारा पूल या परिचित शब्दांवरच उभारायचा होता.

गुरे राखणाऱ्या मुलांना दिवसा शाळेत येणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी गुरे चरत तेथेच कुरणशाळा भरू लागली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी ही कल्पनाही कोसबाडचीच. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित असले, की त्याला सांभाळणारी थोरली बहीण शेजारच्या वर्गात निर्धास्त बसू शकते, इतके साधे तिचे सूत्र होते.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताबाने गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये झालेल्या त्यांच्या निधनापर्यंत नेटाने चालवले.

वऱ्हाडासाठी वारसा

ताराबाईंच्या विचाराची कसोटी मात्र अद्याप संपलेली नाही. अंगणवाडी हे नाव गावोगावी पोहोचले, तरी तेथे पोषण आहाराइतकेच लक्ष गाण्या-गोष्टींकडे पुरवले जाते का, हा प्रश्न उरतोच. दुसरीकडे शहरांतील बालवर्गांत तीन वर्षांच्या मुलांच्या हाती वही देण्याची घाई सुरू असते आणि मूल दोन ओळी लिहू लागले, की पालक धन्य होतात. पायाभूत शिक्षण घरच्या भाषेतून आणि खेळातून व्हावे, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले. ताराबाई ते बोर्डी-कोसबाडच्या अंगणात करून दाखवत होत्या.

ज्या अमरावतीतून त्या बाहेर पडल्या, त्या जिल्ह्यालाही हा विचार जवळचा आहे. मेळघाटातील कोरकू मूल मराठी शाळेत पाऊल टाकते, तेव्हा त्याच्यापुढे कोसबाडच्या वारली मुलाहूनही अवघड पेच उभा असतो. कारण कोरकू ही मराठीच्या कुळातलीच नव्हे. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलालाही आपला शब्द चुकीचा ठरल्याचा अनुभव वर्गात येतो. वास्तविक या मातीत गाण्यांची वाण नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी रंगणारी भुलाबाईची गाणी आणि त्यानंतर झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखण्याचा खेळ, हा कोणत्याही बालमंदिरात शोभेल असा भाषेचा पाठ आहे. एकेक प्रश्न विचारीत, चव, आकार आणि रंग यांचे शब्द आठवीत मुली उत्तरापर्यंत पोहोचतात. शिक्षिकेने तो वर्गात आणावा, एवढेच काय ते बाकी राहते.

रिद्धपूरच्या विद्यापीठात मराठीच्या प्राचीन ग्रंथांचा अभ्यास होईल आणि तो व्हायलाच हवा. पण महदंबेचे धवळे ज्या गावात आधी गळ्यातून आले, त्या गावाच्या अंगणवाडीतही दिवसाची सुरुवात गाण्याने व्हावी. ताराबाईंचे उचित स्मरण त्याहून वेगळे काय असणार?