पियानो आणि पाठीवरचे बिऱ्हाड

युरो येण्यापूर्वीची काही वर्षे जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर एका तरुण स्त्रीचे चित्र असे. १९९० मध्ये निघालेल्या या नोटेच्या मागच्या बाजूला पियानो होता. ही स्त्री म्हणजे क्लारा शूमान. विख्यात संगीतकार रॉबर्ट शूमान याची पत्नी म्हणून पाश्चात्त्य संगीताचे रसिक तिला ओळखतात. परंतु चलनी नोटेवर तिची छबी यावी, यात एक वेगळे औचित्यही होते. सात मुलांचा संसार तिने स्वतःच्या दोन हातांच्या कमाईवर चालविला आणि ती कमाई गावोगाव फिरून मिळविलेली होती. वयाच्या नवव्या वर्षी ती प्रथम रसिकांपुढे आली आणि एकाहत्तराव्या वर्षी तिने अखेरचा कार्यक्रम केला. तिच्या जपून ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिकांची संख्याच तेराशेहून अधिक भरते.

वडिलांच्या हाताखाली

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी लाइपझिग येथे झाला. वडील फ्रीडरिश वीक पियानो शिकवीत आणि पियानोंचा व्यापारही करीत. आईवडील विभक्त झाले तेव्हा क्लारा पाच वर्षांची होती. त्या काळच्या कायद्याप्रमाणे तिचा ताबा वडिलांकडे गेला आणि त्यांनी मुलीला कलावंत म्हणून घडविण्याचा चंग बांधला. १८२८ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात तिने पहिल्यांदा वादन केले.

१८३१ च्या सप्टेंबरमध्ये वीक आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन पॅरिसकडे निघाले. रेल्वे अजून यायची होती. प्रवास घोड्यांच्या टपालगाडीतून, खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून होई. जर्मनी नावाचा एकसंध देशही तेव्हा नव्हता. सुमारे चाळीस राज्ये आणि स्वतंत्र शहरे यांचा तो एक सैलसर संघ होता. सीमेवर जकात द्यावी लागे आणि उत्तरेत थालर, तर दक्षिणेत गुल्डन अशी नाणीही बदलत.

कार्यक्रम जमविण्याची वीक यांची पद्धत ठरलेली होती. गावात पोहोचल्यावर ओळखपत्रे घेऊन प्रतिष्ठित घराण्यांकडे जायचे, त्यांच्या दिवाणखान्यात मुलीचे वादन करायचे आणि गावात तिचे नाव झाले की सभागृह भाड्याने घ्यायचे. जाहिरात छापणे, तिकिटे विकणे, स्थानिक गायक-वादकांना कार्यक्रमात सहभागी करून घेणे, ही सारी कामे ओघानेच येत. सभागृहातील पियानो बेसूर असेल तर वीक स्वतः तो जुळवून घेत. सगळा खर्च वजा जाता उरेल ती बिदागी. वायमार येथे वयोवृद्ध गटे यांच्यासमोर क्लाराचे वादन झाले. तिची बैठक नीट व्हावी म्हणून त्यांनी स्वतः उशी आणून दिली आणि आपली प्रतिमा असलेले पदकही भेट दिले. पॅरिसमध्ये मात्र पटकीची साथ उसळल्याने मुक्काम आवरता घ्यावा लागला. पुढे आयुष्यभर उपयोगी पडलेले व्यवहाराचे धडे क्लाराने याच प्रवासांत गिरविले.

एकटीचा पहिला दौरा

वीक यांचा शिष्य रॉबर्ट शूमान याच्याशी क्लाराचे प्रेम जुळले आणि वडिलांचा तीव्र विरोध सुरू झाला. १८३८ मध्ये व्हिएन्नाच्या दरबाराने क्लाराला सन्मानित केले होते. तिची कीर्ती आणि मिळकत दोन्ही वाढत होत्या. १८३९ च्या जानेवारीत ती वडिलांना सोबत न घेता पॅरिसकडे निघाली. वाटेत न्यूर्नबर्ग, श्टुटगार्ट, कार्ल्सरूहे अशी गावे होती. अविवाहित तरुणीने एकटीने प्रवास करणे शिष्टसंमत नसल्याने एक सोबतीण बरोबर होती. मात्र कार्यक्रमांची जुळवाजुळव आता क्लारालाच करावी लागत होती. आपण हे करू शकतो, हे तिला या प्रवासात उमगले.

विवाहासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. मुलीने लहानपणापासून मिळविलेला पैसा वडील देईनात. अखेर निकाल तिच्या बाजूने लागला आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लाइपझिगजवळच्या शोनेफेल्ड येथे दोघे विवाहबद्ध झाले.

पेच मात्र संपला नाही. रॉबर्टला संगीतरचनेसाठी शांतता लागे. तो लिहीत असताना क्लाराला रियाज करता येत नसे. दुसरीकडे संसाराला पैशाची गरज होती आणि तो तिच्या दौऱ्यांतून चटकन मिळत असे. १८४२ मध्ये दोघे मिळून उत्तर जर्मनीत ब्रेमेन, ओल्डेनबुर्ग, हँबुर्ग असे फिरले. ओल्डेनबुर्गच्या दरबाराने आमंत्रण दिले ते फक्त क्लाराला. रॉबर्टला हा अपमान झोंबला. पुढे हँबुर्गहून तो लाइपझिगला परतला आणि क्लारा कोपनहेगनला गेली. तान्ही मुलगी नातेवाइकांकडे होती. पत्नीच्या कमाईवर अवलंबून राहणे त्याला सलत होते, तर घरी बसून हात जड होण्याची भीती तिला वाटत होती.

१८५४ चा हिवाळा

२७ फेब्रुवारी १८५४ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे मनाचा तोल गेलेल्या रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचविण्यात आले आणि काही दिवसांनी बॉनजवळच्या एंडेनिख येथील मनोरुग्णालयात हलविण्यात आले. पत्नीच्या भेटीने प्रकृती बिघडेल, असे सांगून डॉक्टरांनी क्लाराला भेट नाकारली. घरात सहा मुले होती आणि सातव्याची चाहूल होती. धाकटा फेलिक्स ११ जून रोजी जन्मला. स्नेह्यांनी मदत देऊ केली, तरी दुसऱ्याच्या दयेवर जगायचे नाही, हा निश्चय क्लाराने केला होता. ऑक्टोबरमध्ये तिने सामान बांधले आणि ती दौऱ्यावर निघाली.

हानोव्हर, लाइपझिग, वायमार, फ्रँकफुर्ट, हँबुर्ग, ब्रेमेन, ब्रेस्लाउ, बर्लिन अशी त्या हिवाळ्याची वाट होती. आता रेल्वे तिच्या मदतीला आली होती. १८४७ मध्ये पूर्ण झालेल्या कोलोन-मिंडेन लोहमार्गामुळे ऱ्हाइनकाठ हानोव्हर आणि बर्लिनशी जोडला गेला होता. प्रवासाचे दिवस वाचल्याने एका हंगामात पूर्वीपेक्षा अधिक कार्यक्रम करणे शक्य झाले. पण विश्रांतीही त्याच प्रमाणात कमी झाली. घरी मुलांना सांभाळण्यासाठी मोलकरीण होती आणि एकवीस वर्षांचा योहान्नेस ब्राम्स होता. घरखर्चाची वही तोच लिहीत असे. तरुण व्हायोलिनवादक योझेफ योआखिम काही कार्यक्रमांत क्लाराबरोबर वाजवी.

या दौऱ्यांमागे एखादी संस्था किंवा पगारी व्यवस्थापक नव्हता. वर्षानुवर्षे क्लारा स्वतः पत्रे लिहून तारखा ठरवी. त्या त्या गावातील स्नेही किंवा संगीतविक्रेते सभागृह आणि तिकिटांचे पाहत. पण अंतिम शब्द तिचा असे. कोणता पियानो, कोणत्या रचना, किती बिदागी, हे तीच ठरवी. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल हा कार्यक्रमांचा हंगाम. ऐन थंडीत गाड्या बदलत जायचे, अनोळखी पियानोवर थोडा रियाज करायचा, संध्याकाळी वाजवायचे आणि रात्री मुलांना पत्रे लिहायची, असा तिचा दिनक्रम होता.

जवळजवळ अडीच वर्षांनी, २७ जुलै १८५६ रोजी, तिला पतीची भेट मिळाली. दोन दिवसांनी रॉबर्टचे निधन झाले. ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती. तिचे स्वतःचे संगीतलेखन यानंतर जवळजवळ थांबले. रॉबर्टच्या रचना मात्र तिने गावोगाव पोहोचविल्या. नुसत्या हातचलाखीच्या रचना मागे सारून बाख, बीथोव्हन, शोपँ आणि शूमान यांना कार्यक्रमात स्थान देणे आणि नोटेशन समोर न ठेवता वाजविणे, या दोन्ही गोष्टी रूढ करण्यात तिचा मोठा वाटा आहे.

किंमत

या भटकंतीची किंमत घरानेही मोजली. १८५७ मध्ये बिऱ्हाड बर्लिनला हलले. मुले वसतिगृहांत आणि नातेवाइकांकडे विखुरली. १८६३ मध्ये क्लाराने बाडेन-बाडेनजवळ लिख्टेनटाल येथे छोटे घर घेतले, ते उन्हाळ्यात तरी सर्वांना एकत्र राहता यावे म्हणून. थोरली मुलगी मारी पुढे आईची सोबतीण आणि घराची कारभारीण झाली. लुडविग मनोरुग्णालयात गेला. फर्डिनांड युद्धावरून आजार घेऊन आला, मॉर्फिनच्या आहारी गेला आणि त्याच्या मुलांचा भारही आजीवर पडला. नोव्हेंबर १८७२ मध्ये मुलगी ज्युली हिच्या निधनाची बातमी आली तेव्हा क्लारा हायडेलबर्गला होती. संध्याकाळचा कार्यक्रम तिने रद्द केला नाही. या वागण्याला काहींनी कठोरपणा म्हटले आहे. परंतु ज्या घराची मिळकत रद्द न झालेल्या कार्यक्रमांवर उभी असते, त्या घरातील शिस्तही त्यातून दिसते.

शरीरही साथ सोडू लागले होते. हातांच्या दुखण्यामुळे १८७३ नंतर काही काळ तिला वादन बंद ठेवावे लागले. वाजविता आले नाही की मिळकत नाही, हे फिरत्या कलावंताचे जुनेच दुखणे. १८७८ मध्ये फ्रँकफुर्टच्या होख संगीतविद्यालयात अध्यापिका म्हणून तिने पद स्वीकारले आणि वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तिला पहिल्यांदा नियमित पगार मिळू लागला. तेव्हाही घरीच शिकविण्याची आणि हिवाळ्यात दौऱ्यांवर जाण्याची मुभा तिने आधीच मागून घेतली होती. नोटेच्या मागच्या बाजूला पियानोच्या पार्श्वभूमीवर दिसे ती याच विद्यालयाची इमारत.

१२ मार्च १८९१ रोजी फ्रँकफुर्ट येथे क्लाराने अखेरचे जाहीर वादन केले. २० मे १८९६ रोजी तिचे निधन झाले. बॉनच्या जुन्या दफनभूमीत पतीच्या शेजारी तिला चिरविश्रांती देण्यात आली. ज्या एंडेनिखचे दार तिच्यासाठी इतका काळ बंद राहिले, ते आता याच बॉन शहराचा भाग आहे.