द्राविडी प्राणायामाचे इंजिनियर

शाळेत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांना कधी कधी गटाने एक विचित्र यंत्र करून आणायला सांगतात. गोटी घरंगळते, ती डोमिनोच्या सोंगट्या पाडते, शेवटची सोंगटी तरफेवर पडते, तरफ दोरी ओढते आणि शेवटी कोठेतरी घंटी वाजते. घरातल्या जेवणाच्या टेबलावर हा पसारा मांडला की आईबाप विचारतात, घंटी बोटाने वाजवायला काय झाले होते? सरळ नाक न धरता डोक्यामागून हात फिरवून धरायचे, याला आपले वाडवडील द्राविडी प्राणायाम म्हणत. अमेरिकेत अशा खटाटोपाला एका माणसाचेच नाव पडले आहे, रूब गोल्डबर्ग. त्यांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

रूब यांचा जन्म ४ जुलै १८८३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एका ज्यू कुटुंबात झाला. लहानपणापासून चित्रांचे वेड. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिराकडे ते थोडेफार चित्रकला शिकले. वडील मॅक्स हे शहरातील वजनदार गृहस्थ. पोलीस व अग्निशामक दलाचे कमिशनर होते. चित्रे काढून पोट भरत नाही, मुलाने इंजिनियर व्हावे, असा त्यांचा आग्रह. हे बोलणे आपल्या घरांतूनही कितीदा झाले असेल! मुलाने ऐकले. १९०४ साली बर्कले येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाची इंजिनियरिंगची पदवी घेतली आणि शहराच्या पाणी व गटार खात्यात नोकरी धरली.

ती टिकली सहा महिने. पक्की नोकरी सोडून रूब एका वर्तमानपत्रात आठवड्याला ८ डॉलरवर राहिले. आरंभी त्यांची बरीच चित्रे टोपलीत गेली. पुढे खेळांच्या पानावर ती छापून येऊ लागली. १९०७ साली ते न्यूयॉर्कला गेले आणि थोड्याच वर्षांत त्यांचे नाव देशभर झाले. वडिलांनी शिकवलेले इंजिनियरिंग मात्र वाया गेले नाही. कॉलेजात स्लेट नावाचे प्राध्यापक होते. पृथ्वीचे वजन मोजण्यासाठी त्यांनी नळ्या, तारा व नाना उपकरणांचे एक अवाढव्य यंत्र उभारले होते. ते रूब यांच्या मनात घर करून राहिले. त्यातूनच प्रोफेसर बट्स हे विक्षिप्त संशोधक आणि त्यांची यंत्रे कागदावर आली.

१९३१ सालचे तोंड पुसण्याचे यंत्र पाहा. माणूस सूपचा चमचा तोंडाकडे नेतो, त्याला बांधलेली दोरी ओढली जाते. तिने पळी उडते, पळीतले बिस्किट पोपटासमोरून जाते. पोपट झेप घेतो, त्याची दांडी कलते आणि दाणे बादलीत सांडतात. बादली जड होऊन दोर ओढते, त्याने लायटर पेटतो, लायटरने अग्निबाण सुटतो, त्याला लावलेला विळा दोरी कापतो, आणि रुमाल बांधलेला लंबक हलून हनुवटी पुसतो. एवढे सारे होईपर्यंत सूप निवते, हे सांगायला नकोच.

हसू ओसरल्यावर नीट पाहिले तर यात खरे पदार्थविज्ञान आहे. मुलांना वाटते की पहिल्या गोटीच्या जोरावर सगळे चालेल. तसे होत नाही. घर्षणाने तो जोर दोनतीन टप्प्यांतच संपतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर ऊर्जेचा वेगळा साठा तयार ठेवावा लागतो: उंच टांगलेले वजन, ताणलेला रबर, उभी केलेली सोंगटी. मागच्या टप्प्याने फक्त त्याची कळ सोडायची. रूब यांच्या चित्रात अग्निबाण आहे तो यासाठीच. पोपट मात्र शाळेत चालणार नाही. दुसऱ्या वेळी तो उडेलच असा भरवसा नाही.

रूब यांनी स्वतः ही यंत्रे कागदावरच ठेवली. त्यांची राजकीय चित्रे मात्र काहींना झोंबली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरी द्वेषाची पत्रे येऊ लागली, तेव्हा मुलांच्या रक्षणासाठी त्यांनी दोघा मुलांना आडनाव बदलायला लावले. देशभर गाजलेले नाव आपल्याच मुलांनी लावू नये, असे बापाला सांगावे लागले. पूर्वजांचे नाव जपत आलेल्या आमच्यासारख्या घरांना त्यातले दुःख वेगळे समजवायला नको. मुलांनी जॉर्ज हे आडनाव घेतले.

युद्धानंतर त्यांनी आणखी एक चित्र काढले. कड्याच्या टोकावर एक प्रचंड अणुबाँब कलता उभा आहे, आणि त्यावर एका कुटुंबाचे छोटेसे घर आहे. अणुबाँबमध्येही एकाने दुसऱ्याला धक्का द्यायची साखळीच असते. पण ती मध्येच हाताने थांबवता येत नाही. या चित्राला १९४८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१९४९ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांनी अशा यंत्रांची स्पर्धा सुरू केली. ती काही वर्षे चालून बंद पडली, १९८३ साली पुन्हा सुरू झाली आणि १९८८ पासून देशपातळीवर गेली. रूब यांनी उतारवयात शिल्पकला हाती घेतली. ७ डिसेंबर १९७० रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. १९९५ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. त्यावर तेच तोंड पुसण्याचे यंत्र आहे, पोपटासकट.