लहरींचा गणिती : जोसेफ फूरिये

फ्रान्समधील ओसेर या गावी २१ मार्च १७६८ रोजी एका शिंप्याच्या घरी जोसेफ फूरिये याचा जन्म झाला. बालपणीच तो आईबापांना पारखा झाला. गावच्या लष्करी शाळेत त्याला गणिताची गोडी लागली. तोफखान्यात अधिकारी व्हावे ही त्याची इच्छा. पण तो उमराव कुळातला नव्हता, म्हणून ते दार त्याला बंद झाले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्याला कारावास घडला. रोबेस्पिअरची सत्ता कोसळली, तेव्हा त्याची सुटका झाली.

१७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परतल्यावर ग्रनोबल येथे राहून तो इझेर प्रांताचा कारभार पाहू लागला. रस्ते बांधणे, दलदली आटविणे, ही कामे सांभाळून तो उष्णता पदार्थातून कशी पसरते याचा शोध घेत असे.

त्रिकोणमितीतील ‘ज्या’चा आलेख काढला, तर तो लाटेसारखा दिसतो. ही लाट उंच किंवा ठेंगणी करता येते, दाट किंवा विरळ करता येते आणि डावीउजवीकडे सरकविताही येते. आता एक लाट घ्यावी. तिच्यात तिप्पट दाट पण एकतृतीयांश उंचीची दुसरी लाट मिळवावी. मग पाचपट दाट, एकपंचमांश उंचीची तिसरी. असे करीत गेल्यास गोल माथे सपाट होत जातात आणि कडा उभ्या होऊ लागतात. अशा लाटांच्या बेरजेतून तुटक, कोनदार आलेखही साधता येतात, असे फूरियेने प्रतिपादिले.

१८०७ साली त्याने हा निबंध पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला. वयोवृद्ध गणिती लाग्रांज यांना तो पटला नाही, आणि निबंध अप्रकाशित राहिला. फूरिये खचला नाही. त्याने तो सुधारून १८११ च्या स्पर्धेसाठी पाठविला. पारितोषिक मिळाले, परंतु सिद्धता काटेकोर नाही, हा शेरा कायम राहिला. अखेर १८२२ साली उष्णतेवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

परीक्षकांची शंका अगदीच निराधार नव्हती. कोणत्या आलेखांना ही रीत खात्रीने लागू पडते, हे १८२९ साली डिरिश्ले या तरुण गणितीने सिद्ध केले. पुढल्याच वर्षी, १६ मे १८३० रोजी, फूरियेचे निधन झाले.

आज ध्वनी आणि चित्रे यंत्रांत साठविताना त्याचीच रीत उपयोगी पडते. थोरांच्या नकाराने तो रुसला नाही आणि आपल्या विचारापासून ढळलाही नाही. म्हणूनच हे धन जगाला लाभले.