देवाच्या सेवकांचा सेवक : पोप ग्रेगरी पहिला

ग्रेगरी हे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांना प्रथम आठवते ते कॅलेंडर. पण कालगणनेची ती सुधारणा १५८२ साली तेराव्या ग्रेगरीने केली. त्याच्या जवळजवळ एक हजार वर्षे आधी पहिला ग्रेगरी होऊन गेला. पुढे पंधरा पोपांनी हे नाव घेतले. त्या नावाला थोरवी आणून दिली ती मात्र या पहिल्याने. गंमत अशी की, आपण काही नवे घडवीत आहोत असे त्याला कधी वाटलेच नाही. जगाचा अंत जवळ आला आहे आणि मोडक्या, पाणी शिरणाऱ्या जहाजाचे सुकाणू नाइलाजाने आपल्या हाती आले आहे, अशीच त्याची भावना होती. तरीही युरोपातील ख्रिस्ती संस्कृतीवर त्याच्याइतका दीर्घ ठसा उमटविणारी माणसे थोडीच सापडतील.

ग्रेगरीचा जन्म इ. स. ५४० च्या सुमारास रोममध्ये एका श्रीमंत सरदार घराण्यात झाला. वडिलांचे नाव गॉर्डियानस, आईचे सिल्व्हिया. घराण्यात पूर्वी एक पोपही होऊन गेला होता. घरात वैभव असले तरी शहराची मात्र रया गेली होती. पश्चिमेकडील साम्राज्य ४७६ सालीच लयाला गेले होते. पुढे पूर्वेचा सम्राट आणि गॉथ यांच्यातील दीर्घ युद्धात रोम कधी याच्या तर कधी त्याच्या हाती पडत राहिले. शहराला पाणी पुरविणारे कालवे फुटले, वस्ती ओस पडली. या युद्धातून इटली सावरते न सावरते तोच ५६८ साली उत्तरेकडून लोंबार्ड टोळ्या उतरल्या.

अशा काळात वयाच्या तिशीच्या आसपास ग्रेगरी रोमचा नगरप्रमुख झाला. धान्यपुरवठा, बंदोबस्त, हिशेब ही कामे त्याने जवळून पाहिली. पण त्याचे मन तेथे रमेना. वडिलांच्या मृत्यूनंतर, ५७४ च्या सुमारास, त्याने सीलियन टेकडीवरील आपल्या राहत्या घराचाच मठ केला, सिसिलीतील वडिलोपार्जित जमिनींवर आणखी सहा मठ स्थापले आणि अधिकाऱ्याची उंची वस्त्रे उतरवून तो साधा मठवासी झाला. प्रार्थना, वाचन आणि मौन यांत गेलेली ही थोडी वर्षे त्याला आयुष्यभर सुखाची वाटली आणि ती हरपल्याची खंत त्याच्या लेखनात पुन्हा पुन्हा डोकावते.

हे सुख फार टिकले नाही. ५७९ साली पोप पेलॅजियस दुसरा याने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारी पाठविले. तेथे तो सहा-सात वर्षे राहिला. राजधानीच्या झगमगाटातही सोबतच्या मठवासीयांना तो बायबलातील ईयोबच्या कथेवर प्रवचने देत असे. त्यांतूनच त्याचा नीतिविषयक मोठा ग्रंथ तयार झाला. ख्रिस्ती जगात पुढे सर्वतोमुखी झालेली सात महापातकांची यादी प्रामुख्याने या ग्रंथामुळे रूढ झाली. जुन्या मठवासी लेखकांनी दिलेली आठ कुविचारांची यादी त्याने नव्याने मांडली आणि गर्व हे सर्व पापांचे मूळ ठरविले.

५८९ साली टायबर नदीला महापूर आला, धान्याची कोठारे वाहून गेली. पाठोपाठ प्लेग आला आणि ५९० च्या आरंभी पोप पेलॅजियसच त्याला बळी पडला. लोकांनी एकमुखाने ग्रेगरीची निवड केली. आपल्या निवडीस मान्यता देऊ नये अशी विनंती त्याने सम्राट मॉरिसला केली होती, असे तूरचा ग्रेगरी या समकालीन इतिहासकाराने नमूद केले आहे. पण ३ सप्टेंबर ५९० रोजी तो पोप झालाच.

आता नगरप्रमुखाचा जुना अनुभव कामी आला. सम्राट दूर होता आणि त्याचा रॅव्हेन्नातील सुभेदार हतबल होता. भुकेल्यांना अन्न आणि निर्वासितांना आसरा देण्याचे काम चर्चवरच येऊन पडले. चर्चच्या मालकीच्या जमिनी सिसिलीत आणि अन्यत्र पसरलेल्या होत्या. ग्रेगरीने त्यांच्या कारभाऱ्यांना पत्रांमागून पत्रे लिहिली. कुळांकडून धान्य घेताना खोटी मापे वापरू नका, लग्नाच्या वेळी त्यांच्याकडून ठरावीक रकमेपेक्षा जास्त घेऊ नका, ती सावकाराच्या दारी जाऊ नयेत म्हणून त्यांना आधीच उचल द्या, अशा बारीकसारीक सूचना त्यांत आढळतात. लोंबार्ड राजा अॅगिलुल्फ रोमच्या वेशीवर येऊन ठाकला तेव्हा ग्रेगरीनेच पैसे मोजून शहर वाचविले. पोप हा केवळ धर्मगुरू न राहता लोकांचा पालकही झाला. मध्ययुगातील पोपसत्तेचा पाया असा गरजेपोटी घातला गेला. स्वतःसाठी मात्र त्याने देवाच्या सेवकांचा सेवक हे बिरुद वापरले आणि ते पोपच्या पदव्यांत आजही टिकून आहे.

पोप झाल्यावर लवकरच त्याने धर्मगुरूंच्या कर्तव्यांविषयी एक पुस्तक लिहिले. माणसांच्या मनाची शुश्रूषा ही सर्व कलांतील अवघड कला आहे, हे त्याचे सूत्र. श्रीमंत आणि गरीब, भित्रा आणि उद्धट, उतावळा आणि आळशी या प्रत्येकाला निराळ्या रीतीने उपदेश करावा लागतो, हे त्याने जोड्या लावून विस्ताराने सांगितले आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याने त्याचे जुन्या इंग्रजीत भाषांतर केले आणि आपल्या राज्यातील बिशपांकडे त्याच्या प्रती पाठविल्या. वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या कोणालाही आजदेखील या पुस्तकात शिकण्यासारखे सापडेल.

ख्रिस्ती कलाही त्याची ऋणी आहे. मार्सेयचा बिशप सेरेनस याने लोक चित्रांची पूजा करतात म्हणून चर्चमधील चित्रे फोडून टाकली. ग्रेगरीने त्याला ५९९ आणि ६०० साली पत्रे लिहिली. पूजेला त्याचाही विरोध होता. पण ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना भिंतीवरची चित्रेच पोथीच्या जागी असतात, हा मुद्दा त्याने मांडला. पुढे शतकानुशतके चर्चच्या भिंती आणि रंगीत काचा कथाचित्रांनी भरून गेल्या, त्यामागे या युक्तिवादाचे मोठे बळ होते.

त्याचे सर्वांत दूरगामी कार्य म्हणजे इंग्लंडमधील धर्मप्रसार. ५९६ साली त्याने आपल्याच मठातील ऑगस्टीन याला काही सहकाऱ्यांसह तिकडे पाठविले. अर्ध्या वाटेवर ही मंडळी घाबरली आणि ऑगस्टीन परत आला. ग्रेगरीने धीर देऊन त्याला पुन्हा रवाना केले. ५९७ साली ते केंटमध्ये उतरले. तेथील राजा एथेलबर्टची राणी आधीच ख्रिस्ती होती. राजानेही पुढे बाप्तिस्मा घेतला. ६०१ च्या जून महिन्यात ग्रेगरीने या राजाला जुनी देवळे पाडून टाकावीत असे लिहिले. पण काही आठवड्यांतच त्याचा विचार बदलला. वाटेवर असलेल्या मेलिटस या धर्मगुरूमार्फत त्याने नवा निरोप धाडला : मूर्ती काढा, पण देवळे पाडू नका, त्यांचीच चर्चे करा. लोकांचे सण आणि मेजवान्या राहू द्या. फक्त त्या देवाच्या नावाने होऊ द्या. उंच चढणारा माणूस उड्या मारीत नाही, पायरी पायरीने चढतो, असे त्याचे म्हणणे होते. स्वतःची आज्ञा इतक्या लवकर फिरविण्यात त्याला कमीपणा वाटला नाही, हे मला त्याच्या चरित्रातील सर्वांत मोलाचे वाटते.

अर्थात तो नेहमीच इतका सौम्य नव्हता. सार्डिनियातील मूर्तिपूजक शेतकऱ्यांवर खंड वाढवून दडपण आणावे, असेही त्याने लिहिले आहे. ज्यूंच्या बाबतीत मात्र त्यांना कायद्याने दिलेले हक्क हिरावून घेऊ नयेत, ही त्याची भूमिका ५९८ सालच्या पत्रात दिसते आणि ती पुढील पोपांनी आधारभूत मानली. त्याच्या एका प्रवचनाने अन्यायही केला. ५९१ साली त्याने मग्दलियाची मरिया आणि शुभवर्तमानातील एक अनामिक पापी स्त्री या दोघी एकच मानल्या. मरियेवरचा हा डाग रोमच्या चर्चने १९६९ साली आपल्या उपासना-दिनदर्शिकेतून दूर केला. थोरांच्या चुकाही दीर्घायुषी असतात!

उलट, ज्यामुळे त्याचे नाव सर्वत्र गाजले ते ग्रेगोरियन संगीत बहुधा त्याचे नाहीच. रोम आणि फ्रँक प्रदेश यांच्या गानपरंपरा एकत्र येऊन आठव्या-नवव्या शतकांत ते घडले, असे अभ्यासक मानतात. खांद्यावरचे कबुतर कानात सूर सांगते आहे आणि ग्रेगरी ते टिपून घेतो आहे, हे चित्र नंतरच्या श्रद्धेचे. पण त्या सुरांना मान मिळावा म्हणून लोकांना त्याचेच नाव द्यावेसे वाटले, यातच त्याचा अधिकार दिसून येतो.

अखेरच्या वर्षांत संधिवाताने तो जर्जर झाला होता. बिछान्यावर पडूनही तो पत्रे सांगून लिहवून घेई. १२ मार्च ६०४ रोजी त्याचे निधन झाले. त्याची सुमारे साडेआठशे पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत भव्य योजना नाहीत. धान्य, खंड, तंटे, आजारपण, नेमणुका अशा त्या त्या दिवसाच्या अडचणी आहेत आणि त्यांना दिलेली उत्तरे आहेत. पुढच्या हजार वर्षांनी त्यांतूनच आपले नियम काढले. रोमच्या सीलियन टेकडीवर, जेथे त्याचे घर होते आणि जेथून ऑगस्टीन इंग्लंडला निघाला, तेथे आज त्याच्या नावाचे चर्च उभे आहे. ज्याला तेथे केवळ शांतपणे वाचीत बसायचे होते, त्या माणसाचे हे स्मारक आहे.