सत्यशोधक समाजाचे पहिले खजिनदार : महात्मा जोतीराव फुले

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात मोजकी मंडळी एकत्र जमली आणि सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून माणसाला निर्मिकाची प्रार्थना करता यावी, जन्मावरून कोणी कोणाचा गुलाम नसावा आणि शूद्रातिशूद्रांच्या मुलांना विद्या मिळावी, हा त्या संस्थेचा हेतू होता. त्या दिवशी पदाधिकाऱ्यांची निवड झाली. नारायणराव गोविंदराव कडलक चिटणीस झाले आणि जोतीराव गोविंदराव फुले अध्यक्ष झाले. त्याच वेळी जोतीरावांकडे आणखी एक पद सोपविण्यात आले. त्याचा उल्लेख चरित्रांतून एका ओळीत येतो आणि वाचक पुढे सरकतो. ते पद खजिनदाराचे होते.

अध्यक्षाची तसबीर भिंतीवर लागते. खजिनदाराची सहसा लागत नाही. त्याच्या वाट्याला पावतीपुस्तक, कीर्दवही आणि सभेच्या शेवटी विचारले जाणारे अवघड प्रश्न येतात. अध्यक्षपद आणि खजिनदारपद एकाच माणसाकडे असणे आजच्या लेखापरीक्षकाला खटकेल, आणि ते खटकणे योग्यही आहे. परंतु ज्यांच्याजवळ पैसा नाही, ज्यांच्या बाजूने शास्त्र नाही आणि ज्यांना सरकारदरबारी ओळखणारे कोणी नाही, अशा माणसांनी प्रथमच आपली संस्था उभी करताना आपला आणा-पैसा कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न लहान नव्हता. त्यांनी तो जोतीरावांच्या हाती दिला. सूर्यमाळसारख्या डोंगरमाथ्यावर वर्गण्या आणि देणग्या गोळा करून निवासी शाळा चालविणाऱ्या मंडळींच्या स्मरणिकेत जोतीरावांचे जीवन याच बाजूने पाहावे, असे मनात आले. प्रस्तुत लेखकाने एका छोट्या संस्थेचे मानद खजिनदारपद काही वर्षे सांभाळले आहे, एवढे कारण त्यासाठी पुरे आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले. आई चिमणाबाई लवकर वारल्या. वडील गोविंदराव कष्टाळू व हिशेबी गृहस्थ होते. मध्येच सुटलेले शिक्षण जोतीरावांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुरे केले. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला, ती हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली.

या शाळेच्या इतिहासातील एक गोष्ट मात्र उत्सवी भाषणांत फारशी सांगितली जात नाही. लोकांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले, हातचा आधार गेला आणि ती पहिली शाळा काही काळ बंद ठेवावी लागली. विचार होता, शिकविणारी होती, शिकणाऱ्या मुली होत्या, पैसा नव्हता. बावीस वर्षांच्या तरुणाने तेव्हा जे अनुभवले, ते पुढे त्याच्या साऱ्या व्यवहारात दिसते. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, तीमागून रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत शाळा निघाल्या. या वेळी मागे कार्यकारी मंडळ होते, मित्रांची वर्गणी होती, सरकारी मदतीचा पाठपुरावा होता आणि मुलींच्या जाहीर परीक्षा होत्या. महार-मांग इत्यादी लोकांना विद्या शिकविण्यासाठी जे स्वतंत्र मंडळ निघाले, त्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर यांसारखे त्यांचे ब्राह्मण मित्रही होते. शाळा एका माणसाच्या खिशावर चालत नाही, तिला मंडळ लागते आणि मंडळाला जाब देणारा लागतो, हे जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या वीस वर्षे आधी ओळखले होते.

मग स्वतःचा चरितार्थ? तो त्यांनी संस्थेवर कधी टाकला नाही. स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांनी काही तास शिकविण्याचे काम केले. धातू ओतण्याच्या मुशी विकण्याचे दुकान चालविले. मांजरीला शेती केली, भाजीपाला व फुले पिकविली. आणि ते ठेकेदार झाले. खडकवासल्याच्या धरणाचे काम चालू असताना दगड आणि चुना पुरविण्याचा ठेका त्यांच्याकडे होता. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने त्यांचा व भागीदारांचा व्यवसाय चाले. जोतीराव म्हणजे शाळा आणि ग्रंथ असेच चित्र मनात असणाऱ्यास हे जोतीराव अनोळखी वाटतील. परंतु बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या हजेरीपटात काय भरले जाते, मजुरी हाती पडेपर्यंत तिला किती हात लागतात आणि खात्यातील कामगार कोठे पैसे खातात, हे त्यांनी तेथेच जवळून पाहिले व त्यावर लेखणीही चालविली. सरकारचा पैसा हा शेतकऱ्याने भरलेल्या पट्टीचा पैसा आहे, हा विचार १८८३ साली सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये पानोपानी येतो, त्याची मुळे या अनुभवात आहेत. ज्या तालुक्यातील धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात ज्याच्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, त्या मोखाड्याच्या वाचकाला हे अधिक फोड करून सांगावे लागणार नाही.

अशी ही मिळकत घरात थांबली नाही. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे आणि मूल जगवावे, एवढाच त्याचा उद्देश होता. त्यांपैकी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, तोच यशवंत. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

सत्यशोधक समाजाचे खरे अर्थकारण विवाहातून सुरू झाले, असे म्हटले तर अनेकांना नवल वाटेल. २५ डिसेंबर १८७३ रोजी समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. भटजी नव्हते, म्हणून दक्षिणाही नव्हती. गरीब शेतकऱ्याच्या घरातून जन्मापासून मरणापर्यंत विधीविधीला बाहेर जाणारा पैसा थांबवावा आणि त्याच घरातील मुलाच्या शिक्षणाकडे वळवावा, ही त्यामागची साधी गणना होती. पुरोहितवर्गालाही ती नेमकी समजली. बुडालेल्या दक्षिणेसाठी पुढे काही जोशी कोर्टात गेले. समाजाने आपल्या आरंभीच्या वर्षांतील कार्याचा अहवाल छापून प्रसिद्ध केला. १८७६ पर्यंत सभासदांची संख्या ३१६ झाली होती. माळी, कुणबी, महार, तेलुगू भाषक कामाठी, ब्राह्मण, मुसलमान, ज्यू अशा नाना समाजांतील लोकांना तेथे दार मोकळे होते. अहमदाबादला पूर आला तेव्हा या गरिबांच्या समाजाने पूरग्रस्तांसाठी निधी जमविला. ज्यांना स्वतःलाच मदतीची गरज होती, त्यांनी शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसांसाठी वर्गणी काढावी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

खजिनदारीची खरी कसोटी १८७६-७७ च्या दुष्काळात लागली. दख्खनचा प्रदेश होरपळला, गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली आणि वाटेत मुले मागे राहू लागली. पुण्याजवळ धनकवडी येथे अशा मुलांसाठी बालाश्रम उघडण्यात आला. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी समाजाच्या वतीने निवेदन काढून मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नर भागात ओतूरला दुष्काळ निवारणाच्या कामात होत्या. तेथून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. मुलांना रोज जेवू घालणारी संस्था चालविणे हे सभा भरविण्यासारखे नसते. सभा पुढे ढकलता येते, पण सायंकाळचे जेवण पुढे ढकलता येत नाही. धान्य आधी आणावे लागते, देणगी मागाहून येते आणि मधली खिंड ज्याला भरावी लागते तो खजिनदार. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघून गेले की पाड्यावरचे मूल जेथे राहते, जेवते आणि शिकते, त्या निवासी शाळेची एक पूर्वज धनकवडीच्या त्या बालाश्रमात शोधता येते.

याच काळात, १८७६ पासून १८८२ पर्यंत, जोतीराव पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. बत्तीस सदस्यांपैकी एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. शहरात मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांनी व हरी रावजी चिपळूणकरांनी विरोध केला होता. पुढे १८८६ साली ती रे मार्केट या नावाने उघडली, आणि आज तिलाच महात्मा फुले मंडई म्हणतात. जोतीरावांना विनोदाचे अंग होते. हे नामकरण ऐकून ते बहुधा हसले असते.

विरोधकांच्या बाबतीतही त्यांचे खाते स्वच्छ होते. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला, तेव्हा दहा हजार रुपयांच्या जामिनाचा प्रश्न उभा राहिला. जोतीरावांच्या शब्दाखातर त्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेट बापूशेट उरवणे जामीन राहिले. टिळकांच्या वर्तुळाशी जोतीरावांचे मत जुळत नव्हते. तरी लिहिल्याबद्दल तुरुंगात जाणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे त्यांना कर्तव्य वाटले. उरवणे यांनी केवळ जोतीरावांचा शब्द पाहून एवढी जोखीम पत्करली, यातच त्यांची बाजारातील व समाजातील पत दिसते. याच वर्षीच्या १९ ऑक्टोबरला हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी हाच हिशेब साम्राज्यासमोर मांडला. महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला, हे उलटे खाते सुलटे करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले गुरू मानले. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष, सीताराम नामदेव शिवतरकर चिटणीस आणि निवृत्ती तुळशीराम जाधव खजिनदार होते. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात उघडलेले विद्यार्थी वसतिगृह. जाधवांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून ते येथे मुद्दाम नोंदविले.

जोतीरावांच्या अखेरच्या वर्षांतील जमाखर्च दुःखद आहे. १० जुलै १८८७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या जनतेने मांडवी कोळीवाड्यातील सभेत त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. ज्या माणसाने ठेके घेतले, शेकडो मजुरांना काम दिले, त्याच्या घरात औषधपाण्याची ओढाताण होऊ लागली; मामा परमानंदांनी १८९० मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांना पत्र लिहून साहाय्याची विनंती केली. त्या अवस्थेत जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पुरा केला. तो यशवंताने १८९१ साली प्रसिद्ध केला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे देहावसान झाले. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती. ज्या नगरपालिकेत त्यांनी सहा वर्षे लोकांच्या पैशाची राखण केली, तिने त्याला परवानगी नाकारली. दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी पुढे होऊन ते स्वतः हाती घेतले. समाजाचे कामही त्यांनी तसेच हाती घेतले. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या.