दहा मुलांचा बाप : चार्ल्स डिकन्स

इंग्रजीच्या तासाला चार्ल्स डिकन्सचे नाव आपल्या कानांवर पडते ते कादंबरीकार म्हणून. पण हा माणूस दहा मुलांचा बाप होता आणि घरात त्याच्याइतके खेळकर दुसरे कोणी नव्हते, हे त्याचे चरित्र वाचल्यावाचून कळत नाही.

७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे त्याचा जन्म झाला. आठ भावंडांत तो दुसरा. वडील जॉन डिकन्स नौदलाच्या पगार-कचेरीत कारकून होते. माणूस बोलघेवडा, हौशी आणि दिलदार. चिमुकल्या चार्ल्सला आणि त्याच्या बहिणीला खानावळीतल्या टेबलावर उभे करून त्यांच्याकडून विनोदी गाणी म्हणवून घेण्याची त्यांना भारी हौस. मात्र खर्च नेहमीच मिळकतीच्या पुढे धावे. अखेर १८२४ साली कर्ज फेडता न आल्यामुळे त्यांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले. त्याच सुमारास बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबले चिकटवू लागला. मजुरी आठवड्याला ६ शिलिंग! काही महिन्यांनी वडील सुटले, पण त्या दिवसांची लाज त्याच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीतला मिकॉबर त्याने वडिलांवरूनच रंगवला. कर्जात बुडालेला, तरी उद्याच्या आशेवर आनंदाने जगणारा हा मिकॉबर वाचताना लेखकाचा राग जाणवत नाही, माया जाणवते.

१८३६ मध्ये कॅथरिन होगार्थशी त्याचे लग्न झाले. १८३७ ते १८५२ या काळात दहा मुले झाली. त्यांपैकी डोरा ही तान्हेपणीच वारली. ६ जानेवारी हा थोरल्या चार्लीचा वाढदिवस. त्या दिवशी घरात जत्राच भरे. डिकन्स स्वतः जादूगार होई. कोणाची तरी टोपी घेऊन तिच्यातून तो गरमागरम पुडिंग काढून दाखवी आणि पोरे डोळे विस्फारून बघत राहत. मुलींनी त्याला पोल्का नाच शिकवला, तेव्हा पावले विसरतील या भीतीने कडाक्याच्या थंडीत रात्री अंथरुणातून उठून तो एकटाच नाचला होता! मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत रंगमंच उभा राही आणि लहानथोर सारे नाटकात उतरत. शिस्तही तितकीच कडक. रोज सकाळी तो मुलांच्या खोल्या तपासी; टोपी खुंटीवरच हवी.

या हसत्या घराला पुढे तडा गेला. १८५८ साली, बावीस वर्षांच्या संसारानंतर, तो पत्नीपासून विभक्त झाला. एलन टर्नन या तरुण नटीकडे त्याचे मन ओढले गेले होते. थोरला मुलगा आईबरोबर गेला, बाकीची मुले वडिलांपाशी राहिली. आपण त्याच्यावर कितीही प्रेम केले तरी त्या माउलीवर अन्याय झाला, हे नाकारता येत नाही.

मुलगे मोठे होऊ लागले तशी वडिलांची उधळी वृत्ती त्यांच्यात उतरते की काय, ही धास्ती त्याला वाटू लागली. एकेकाला त्याने दूर पाठवले. दोघे ऑस्ट्रेलियात गेले. वॉल्टर सोळाव्या वर्षी, १८५७ साली, हिंदुस्थानात सैन्यात आला आणि ३१ डिसेंबर १८६३ रोजी कलकत्त्यात वारला. मागे कर्ज राहिले. ती बातमी बापाला मिळाली ती नेमकी त्याच्या वाढदिवशी.

तरीही नातवंडे आली तेव्हा जुना खेळकरपणा जागा झाला. ‘आजोबा’ ही हाक त्याला नको होती. त्याऐवजी ‘पूज्यवर’ अशा अर्थाचे थट्टेचे नाव त्याने नातवंडांना शिकवले. राहायला गॅड्सहिलचे घर होते. लहानपणी वडिलांबरोबर फिरायला जाताना हेच घर त्याने पाहिले होते आणि खूप मेहनत केलीस तर कधीतरी येथे राहशील, असे वडिलांनी सांगितले होते.

स्वतः डिकन्सने कॉलेज पाहिले नव्हते. त्याचा मुलगा हेन्री १८६८ साली केंब्रिजला गेला. शिष्यवृत्ती मिळाल्याची बातमी त्याने वडिलांना स्टेशनवर सांगितली. डिकन्सने तेवढ्यापुरती शाबासकी दिली आणि दोघे घराकडे चालू लागले. अर्ध्या वाटेत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्याने मुलाचा हात घट्ट धरला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून असेल, पण हा प्रसंग मी दोनदा वाचला.

९ जून १८७० रोजी डिकन्स गेला. त्याच्या कारखान्यातल्या दिवसांची हकिगत जॉन फॉर्स्टर या मित्राने चरित्रात छापली, तेव्हा कुठे ती त्याच्या मुलांना कळली. टोपीतून पुडिंग काढणाऱ्या आपल्या बापाने बाराव्या वर्षी कोणते काम केले होते, हे त्याने त्यांना हयातभर सांगितले नव्हते. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या वडिलांचे बारावे वर्ष ठाऊक आहे? यंदाच्या सुटीत घरी गेल्यावर विचारावे, असे मला वाटते.